वाडीतून समुद्राकडे जाणारी पायवाट: चालू ठेवायचीय, पण कशी?

पोफळीखाली (दापोली तालुका)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

आमची नारळ-पोफळीची वाडी आहे, अगदी पुळणीला लागून. वरच्या अंगाला गावातला रस्ता, खाली समुद्र आणि मधे आम्ही. सासऱ्यांच्याही आधीपासून वाडीच्या उत्तरेकडच्या गडग्याला (दगड रचून केलेल्या कुंपणाला) धरून एक पाखाडी खाली उतरायची, जांभ्याच्या पायऱ्यांची. वरची माणसं समुद्रावर, पलीकडच्या देवळात, मासळीला त्याच वाटेने जायची-यायची, कुणी कुणाला विचारत नसे आणि विचारायची गरजही नव्हती. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्या बाजूचे माड आणि पोफळी सरसकट आडवे झाले, गडगा कोसळला, पाखाडी झाडांखाली गाडली गेली. लोकांना खाली उतरायला वाटच उरली नाही म्हणून आम्हीच सांगितलं की वाडीच्या मधून जा. ती मधली वाट तेव्हा पडली ती आजतागायत चालूच आहे.

त्यानंतर आम्ही वाडी नव्याने उभी केली. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातली लाखी बाग बघून आलो, त्याच धर्तीवर नारळाच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी लावली. रासायनिक खत-औषध पूर्ण बंद, जीवामृत आणि गोठ्यातलं शेणखत, झावळ्यांचं आच्छादन. गावातल्या इतर शेतकऱ्यांबरोबर पीजीएसच्या, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून सेंद्रिय ठरवायच्या पद्धतीच्या, गटात आहोत. पोफळ लावल्यावर धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे आत्ता कुठे हाताशी काही यायला लागलंय.

आता अडचण. गावच्या लोकांचा त्रास कधीच नव्हता, आजही नाही. पण आसपास राहायची सोय करणारे वाढले, त्यांच्यातल्या एकाने "नारळाच्या बागेतून समुद्राकडे" म्हणून आमच्या वाटेचा व्हिडिओ टाकला आणि सुट्टीच्या दिवसांत रांग लागायला लागली. फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं सोडतात तेव्हा तर पहाटे अंधारातच टॉर्च मारत माणसं वाडीतून उतरतात. चालतात ती एका ओळीत नाही, चार-चार जण शेजारी शेजारी. आळ्यात पाय, आच्छादनावर पाय, ठिबकच्या नळीवर पाय. जिथून माणसं फिरतात तिथली माती अशी घट्ट झालीय की पावसाचं पाणी मुरतच नाही, वरून वाहून जातं. जायफळ उकललं की आत लालभडक जायपत्री दिसते, खाली पडलेलं दिसलं की खिशात जातं, "ऑर्गॅनिक आहे ना, मग खायला काय हरकत" म्हणून केळीच्या घडालाही हात लागतो. सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत, त्यांच्या तोंडासमोर उभं राहून फोटो काढताना एका मुलाला माश्या चावल्या आणि त्याच्या वडलांनी आम्हालाच सुनावलं. मोकळे सोडलेले कुत्रे कोंबड्यांच्या मागे लागतात. आणि सगळ्यात मोठी भीती नारळाची, वारा असला की माडाखालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात नारळ पडला तर?

आणखी एक सांगते. पावसाच्या तोंडावर सुपारीच्या घडांवर आम्ही बोर्डो फवारतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, नाहीतर कोळेरोगाने सुपारी गळून जाते. सेंद्रिय शेतीत याला मर्यादेत परवानगी आहे. पण वरून निळे थेंब पडतात, खोडांवर निळे ओघळ दिसतात, आणि जाणारा माणूस मोबाईल काढून "सेंद्रिय म्हणतात आणि बघा काय फवारतायत" असं बोलत शूटिंग करतो. फवारा चालू असताना त्याखालून जाऊ नका म्हटलं तरी भांडण.

घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो सौरकुंपण घालू आणि वाट बंद करू, तसंही रानडुकरांसाठी कुंपण करायचंच आहे. सासूबाई म्हणतात गावची वाट अडवायची नाही, आपल्या घरात हे कधी झालेलं नाही. मला दोघांचं पटतं. वाट बंद करायची नाही, पण वाडीत कामही करता आलं पाहिजे. कुणी असं काही केलंय का? कायदा काय सांगतो? आणि अशीच मधून वाट चालू ठेवली तर पुढे ती कायमची होते का?

---

निवृत्त_महसूलवाला (संगमेश्वर)

ताई, तुमच्याकडे वाट एक नाही, दोन आहेत आणि दोघींचा हिशोब वेगळा आहे, तो आधी वेगळा करा.

जुनी पाखाडी. ती गावनकाशात आहे का ते बघा. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात गावनकाशाची नक्कल मिळते, त्यात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशात रेषा असेल तर विषय संपला, ती वाट अडवता येणार नाही. नसली तरी वर्षानुवर्षं लोक उघडपणे, हक्काने, कुणाची परवानगी न घेता चालत आलेत, म्हणजे ती वहिवाट आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्यासारख्या हक्कांचा कायदा) कलम १५ खाली वीस वर्षांचा अखंड वापर धरतात, आणि गावच्या रूढीने आलेल्या हक्काला कलम १८ वेगळं आहे. वादळात झाडं पडून वाट बुजली म्हणजे हक्क बुजला असं होत नाही, वापर नसल्यामुळे तो जायलाही वीस वर्षं जावी लागतात.

आता मधली वाट. ती २०२० नंतरची, आणि तुम्ही स्वतः सांगितलंत म्हणून लोक जायला लागले. परवानगीने जाणं आणि हक्काने जाणं यात फार फरक आहे. परवानगी दिलेली असेल तर ती मागे घेता येते आणि तिचा वहिवाटीचा हक्क होत नाही. पण ती परवानगी होती हे कुठेतरी दिसलं पाहिजे. तोंडी सांगितलेलं पुढच्या पिढीत कुणी मानणार नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही टोकांना बोर्ड लावा, "ही वाट मालकांच्या परवानगीने तात्पुरती खुली आहे" एवढं एक वाक्य, फोटो काढून ठेवा आणि ग्रामपंचायतीला एक पत्र देऊन पोच घ्या.

पर्यटकाचं म्हणाल तर त्याला तुमच्या वाडीतून जायचा स्वतःचा असा काही हक्क नाही. सुविधाधिकार जमिनीच्या मालकाला त्याच्या जमिनीसाठी मिळतो, फिरायला आलेल्याला नाही. महसूल अधिनियमाचं कलम १४३ लोक उठसूट सांगतात, ते शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला बांधावरून रस्ता देण्यासाठी आहे.

यजमानांना मात्र एवढं सांगा की दोन्ही वाटा एकदम बंद करून कुंपण घातलंत तर गावातला कुणीही मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाऊ शकतो. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, आणि मी नोकरीत असताना पाहिलंय, असे अर्ज सहा महिने थांबत नाहीत, सहाव्या दिवशी येतात. जागेवर पंचनामा होतो, म्हातारी माणसं येऊन सांगतात की आम्ही लहानपणापासून इथून जातो, आणि कुंपण निघतं. पैसे गेले आणि गावाशी वाकडंही आलं.

माझं मत स्पष्ट आहे. जुनी पाखाडी मोकळी करा, मग मधली बंद करा. या क्रमानेच. आधी मधली बंद केलीत तर तुमच्या बाजूने कुणी बोलणार नाही.

---

देवगडचो_आंबो

वाट बंद करू नका, पण आगीचा पयला बघा.

आमची हापूसची कलमं सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर आहेत आणि त्यातून खालच्या वाडीत जायची पायवाट आहे, त्यामुळे हे सगळं रोजचं आहे. तुमच्याकडे वाडी ओली असते, आमच्याकडे जानेवारीपासून गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक विडीचं थोटूक पडलं की वारा त्याला कलमांत घेऊन जातो. एका वर्षी वणव्यात पलीकडच्या बागेतली जुनी कलमं होरपळली, ती पुन्हा कधी मोहरलीच नाहीत. म्हणून आम्ही पावसाळा संपला की वाटेच्या दोन्ही बाजूचं गवत कापून पट्टा उघडा करतो. तेच गवत आळ्यात आच्छादनाला जातं. वाट रुंद आणि स्वच्छ दिसली की माणूस आपोआप तिच्यावरच राहतो हा दुसरा फायदा. जिथे वाट कुठली आणि बाग कुठली ते कळत नाही तिथेच लोक पसरतात. ताई, तुमच्याकडे लोक चार-चार शेजारी चालतात याचं कारण मला तरी हेच वाटतं.

बोर्डबद्दल. "प्रवेश निषिद्ध", "दंड होईल" असले बोर्ड कुणी वाचत नाही. आम्ही एक काळा फळा लावलाय, त्यावर खडूने आजचं काम लिहितो. "आज मोहरावर निंबोळी अर्क फवारतोय, दहापर्यंत वरच्या वाटेने जा." "आज आंबे उतरवतोय, वरून घळ (आंबे काढायची जाळीची काठी) येतोय, थांबून हाक मारा." लोक थांबतात, विचारतात. कारण सांगितलं की ऐकणारे जास्त असतात, हा माझा अनुभव आहे. तुमच्या बोर्डोचं पण तिथेच लिहा, मोरचूद आणि चुना, कशासाठी, वर्षातून केव्हा, सेंद्रियमध्ये किती चालतं. लपवल्यासारखं दिसलं की शूटिंग होतं.

फळमाशीचे रक्षक सापळे लोक कुतूहलाने काढून उघडून बघायचे, आता वाटेजवळच्या झाडांवर लावतच नाही, आतल्या ओळीत लावतो. तुमच्या पेट्यांचंही तसंच करा. तोंड वाटेकडे नको, आणि पेटीसमोर थोड्या अंतरावर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच कुंपण किंवा दाट झाडोरा असू दे, माश्या बाहेर पडल्या पडल्या वर उठतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात.

आणि वाटेचे पैसे घेऊ नका कुणाकडून. गावात तिकीट लावलेलं कुणाला आवडत नाही आणि पैसे घेतले की समोरचा हक्काने बोलायला लागतो. माल ठेवा. वाटेच्या तोंडाला टेबल, शहाळी, आमसुलं, केळी, स्कॅनर. घरातलं कुणी नसेल तरी लोक पैसे टाकतात. खिशात जाणारं जायफळ विकायला ठेवलंत तर त्यातली निम्मी माणसं विकत घेतील.

---

सड्यावरची (राजापूर)

आमच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, म्हणून माझं थोडं वेगळं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि तेव्हापासून लोक यायला लागले. जमीन खाजगी, पावसाळ्यात तिथेच आमची गुरं चरतात, आणि लोक बूट घालून थेट चित्रावर उभे राहतात. आम्ही एकट्याने भांडत बसलो असतो तर काही झालं नसतं. गावाने मिळून ठरवलं. उक्षीला तर गावाने कातळशिल्पाभोवती चिऱ्याचा गडगा घातलाय, जाऊन बघा, लोक बाहेरून बघतात आणि चित्र आत सुरक्षित राहतं.

म्हणून मला वाटतं ताई, हा तुमच्या एका घराचा प्रश्न म्हणून सोडवायला जाऊ नका. ज्यांच्याकडे पाहुणे उतरतात त्यांना बसवा समोर. त्यांचा धंदा तुमच्या वाटेवर चाललाय, तर पाहुणा निघतानाच त्याला चार गोष्टी सांगायची जबाबदारी त्यांची. कुत्रा बांधलेला, कचरा परत, झाडाला हात नाही, कासवांच्या दिवसांत पांढरा टॉर्च नाही. हे तुम्ही वाडीत उभं राहून सांगितलंत की तुम्ही वाईट, यजमानाने सांगितलं की तो घरचा नियम. ग्रामसभेत विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

---

डेव्हनवासी_चिपळूणकर

मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये डेव्हनला आहे, शेजारीच एक सेंद्रिय डेअरी फार्म आहे आणि त्याच्या गोठ्याजवळून सार्वजनिक पायवाट जाते, म्हणून लिहितो. इथे पायवाटा सरकारी नकाशावर नोंदलेल्या असतात आणि शेतकरी त्या बंद करू शकत नाही. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली तर पहिल्या नांगरणीनंतर चौदा दिवसांत किमान एक मीटर रुंद करून परत द्यावी लागते, आणि शेताच्या कडेची वाट तर नांगरायचीच नाही. पण चालणाऱ्यालाही बंधन आहे, हक्क फक्त त्या रेषेवरून पायी जाण्याचा, शेतात फिरायचा नाही. काका वर म्हणाले ते परवानगीचं इथेही आहे, इथेही वीस वर्षांचीच मुदत आहे, म्हणून काही मालक वाटेवर "ही परवानगीची वाट आहे" अशी पाटी लावतात आणि वर्षातून एक दिवस ती मुद्दाम बंद ठेवतात.

दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या. एक, कुत्रे. कोंबड्यांचं तर आहेच, पण कुत्र्याची विष्ठा गुरांच्या चाऱ्यात गेली तर निओस्पोरा नावाच्या परजीवीमुळे गाई गाभडू शकतात, इथले शेतकरी त्याला फार घाबरतात. तुम्ही शेणखतासाठी गाई ठेवल्यात म्हणून सांगतो, चाऱ्याची जागा वाटेपासून लांब ठेवा. दोन, फाटक. इथे एक प्रकार असतो, झुलतं फाटक अर्धगोल कुंपणात बसवलेलं, एकेक माणूस वळून आत येतो, गुरं किंवा मोटरसायकल जाऊ शकत नाही, आणि कुलूप लागत नाही. सौरकुंपण करणार असाल तर वाटेच्या तोंडाशी असं काहीतरी करता येईल.

---

पाटीवाली (हर्णै)

मी मासळी विकते. बंदरावर लिलाव झाला की पाटी भरून गावागावात जाते, माझी आई पण हेच करायची. ताई तुमचं गाव माझ्या फेरीत असेल नसेल माहीत नाही पण अशाच एका वाडीतल्या वाटेने मी कैक वर्षं जाते म्हणून लिहावंसं वाटलं.

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण सगळे पर्यटकांबद्दल बोलतायत. वाट पर्यटकांसाठी पडलेली नाही. ती आमच्यासारख्यांसाठी पडली. डोक्यावर पाटी असते, बर्फ वितळून पाणी मानेवर येत असतं, रस्त्याने फिरून गेलं तर अर्धा तास जास्त आणि मासळी तेवढी उतरते. रिक्षा केली तर त्या दिवशी सुटलेल्या पैशातले किती राहतात ते आम्हालाच माहीत. आमच्या एका वाटेवर नव्या मालकाने फाटक घातलं, कुलूप नाही म्हणाला, कुणालाही जाता येईल म्हणाला, पण फाटक एवढं अरुंद की डोक्यावर पाटी घेऊन आत वळताच येत नाही. पाटी उतरवायची, फाटक ढकलायचं, पाटी आत सरकवायची, पुन्हा कुणीतरी डोक्यावर द्यायला पाहिजे. एकटी बाई काय करणार. मी ती वाट सोडली. त्याने वाट बंद केली असं कुणी म्हणणार नाही, पण माझ्यासाठी ती बंदच झाली.

म्हणून ते इंग्लंडचं फाटक नको ताई, दादांनी चांगल्या मनाने सांगितलं पण नको. आणि म्हातारी माणसं, गरोदर बाया, कावड घेतलेला माणूस, हे पण बघा. पहाटे आणि रात्री पण माणसं जातात, तेव्हा फळा वाचता येत नाही. फवारणीच्या दिवशी वाट बंद ठेवायची असेल तर आदल्या दिवशी सांगा, वरच्या दुकानात सांगितलं तरी सगळ्यांना कळतं.

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अशी माणसं आहेत म्हणून आम्ही चालतो.

---

पोफळीखाली

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटीवाली ताई, तुमचं लिहिलेलं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, नवऱ्यानेही ऐकलं आणि कुंपणाचा विषय निदान या वर्षीपुरता मागे पडलाय. सासूबाईंनी त्यावर एकच आठवण काढली, शिमग्याला पालखी त्या पाखाडीनेच खाली देवळात जायची, वादळानंतर ती रस्त्याने फिरून जाते आणि वाटेतली दोन घरं तिला मुकली. हे आमच्या कुणाच्या लक्षातच नव्हतं. ती दोन घरं कधी बोललीही नाहीत.

तर जुनी पाखाडी मोकळी करायची हे ठरलं. आत्तापर्यंत झाली नाही याचं कारण पैसे आणि माणूसबळ, आधी रोपं जगवायची होती. बुंधे आता कुजत आलेत, काढायला सोपे जातील, आणि जांभ्याचे चिरे तिथेच मातीखाली आहेत, फार थोडे नवे लागतील. पडलेला गडगा दुसऱ्या बाजूला परत रचायचा, म्हणजे वाट आणि वाडी यांच्यामधे गडगा येईल, आणि माणूस वाटेवर राहील. नवे माड लावताना त्या कडेला जागा सोडलेली आहे त्यामुळे वाटेवर नारळ पडायची भीती राहत नाही. पेट्या दक्षिणेला हलवते, देवगडच्या दादांनी सांगितलं तसं समोर झाडोरा करते.

एक अडचण मात्र वाट कडेला नेली की नव्याने येते. उत्तरेला शेजाऱ्यांची आंब्याची बाग आहे, ते मोहराला रासायनिक फवारतात. त्यांच्या आणि आमच्या पिकात मोकळा पट्टा सोडायलाच लागतो, पीजीएसच्या पाहणीत आमच्या गटातले तेच आधी बघतात, त्यामुळे वाट तिथे आली तर जागा वाया जात नाही. पण फवारा वाऱ्याने वाटेवर येणार, आणि चालणारी माणसं त्यात सापडणार. शेजाऱ्यांशी बोलले, चांगली माणसं आहेत, म्हणाले फवारणीच्या आदल्या रात्री फोन करतो, तुम्ही त्या सकाळी लोकांना मधून सोडा. म्हणजे मधली वाट पूर्ण बंद न करता अशा दिवसांपुरती, आमच्या परवानगीने, बांबूचं बेडं (आडव्या बांबूंची अडण) काढून उघडायची. महसूलवाले काका, हे कायद्याने चालेल ना? बोर्डवर काय लिहू?

आणि पाखाडीच्या वरच्या तोंडाला गुरं आत येऊ नयेत म्हणून काहीतरी लागेलच. पाटीवाली ताई, किती रुंद ठेवू?

---

निवृत्त_महसूलवाला (संगमेश्वर)

चालेल. उलट चांगलंच आहे, अधूनमधून बंद आणि अधूनमधून तुमच्या मर्जीने उघडी म्हणजे परवानगी स्वच्छ दिसते. बोर्डवर असं लिहा: "समुद्राकडे जाण्याची गावची वाट उत्तरेच्या पाखाडीने. ही मधली वाट फक्त फवारणीच्या दिवशी, मालकांच्या परवानगीने." पाखाडीच्या बोर्डवर मात्र परवानगी हा शब्द घालू नका, ती गावची आहे. आणि काम सुरू करण्याआधी गावनकाशाची नक्कल काढा, शेजाऱ्यांची हद्द त्यांच्यासमोर दाखवून घ्या. गडगा दुसऱ्या बाजूला घेताना हद्दीचा दगड हलता कामा नये.

---

पाटीवाली (हर्णै)

फाटक नकोच. दोन उभे चिरे रोवा आणि मधे गुडघ्याएवढा आडवा चिरा टाका, गुरं ओलांडत नाहीत, माणूस ओलांडतो. पण तो उंच नको, वरून पाटीचा तोल सांभाळत पाय टाकायचा असतो. म्हातारी माणसं आहेत म्हणून त्याच्या अलीकडे पलीकडे एकेक पायरी द्या. रुंदी चार फूट ठेवा, समोरून कुणी आलं तर एकीने बाजूला व्हायला जागा पाहिजे. पावसात जांभ्याला शेवाळ धरतं, दिवाळीपर्यंत पाय घसरतो, तेव्हा श्रावणाआधी एकदा खराट्याने घासून घ्या.

पालखीला चार फुटांत भागणार नाही, खांद्यावर घेऊन दोन्ही बाजूंनी माणसं असतात आणि ती नाचवतात. ते गावच्या खोतांना नाहीतर गुरवांना जाग्यावर उभं करून विचारा आणि आडवा चिरा काढता येईल असा बसवा. काम कधी काढताय ते सांगा, बंदरावर मंगळवारी मला जरा सवड असते, मी आणि माझी जाऊ कोयती घेऊन येतो.